एकटी, एक रिटर्न तिकीट

"कुठे राहतेस?"

"माहीमला."

"वॉव, एकदम सेंट्रल! स्टेशनपासून लांब आहे का?"

"थोडंसं. पालघर स्टेशनपासून शेअर रिक्षाने वीस मिनिटं."

यानंतर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हा संवाद मी आजवर किमान पन्नासदा तरी केला असेल. मीडियातल्या मीटिंगमध्ये, लग्नात, एकदा तर चक्क बँकेच्या केवायसीच्या काउंटरवर. तर मंडळी, माहीम दोन आहेत. एक तुमचं, दर्गा आणि हलव्यावालं. दुसरं आमचं, केळव्याला चिकटून असलेलं, नारळ-सुपारीच्या वाड्यांचं, पानवेलींचं आणि जुन्या किल्ल्याचं. आणि आमचं काही अगदीच हे नाही हं! वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली 'महिकावतीची बखर' ज्या महिकावतीची, ती महिकावती म्हणजे आमचं माहीम. बिंबराजाने तुमच्या माहीमला नाव दिलं ते आमच्या माहीमवरून, असं आमच्याकडे लहान पोरही छातीठोकपणे सांगतं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जे किल्ले घेतले, त्यातही आमचा नंबर वसईच्या आधी लागतो. पण हे सगळं सांगत बसलं की मीटिंग संपते.

मुद्दा वेगळाच आहे. झालं असं, की आठ महिने रखडलेलं एक पेमेंट अचानक अकाउंटला जमा झालं. फ्रीलान्सर मंडळींना कळेल, असं पेमेंट म्हणजे पगार नसतो, लॉटरी असते. मनात आलं, एक दिवस मुंबईला जायचं. एकटीने. सकाळी म्युझियम, दुपारी गॅलरी आणि मग शॉपिंग. शॉपिंग म्हणजे लिंकिंग रोडवरचं, घासाघीस करून केलेलं नाही. जिथे दाराला काच असते, आत परफ्यूमचा वास असतो आणि आपण नेहमी बाहेरून सेल्फी काढून सटकतो, तिथलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एकटीच? काम काय आहे?"

"काम नाही गं. असंच."

"असंच कोण जातं मुंबईला?"

आणि खरंच की! आमच्या घरात असंच कोणी गेलेलं नाही. बाबा गेले ते पानाच्या करंड्यांचा हिशोब करायला. काकू गेली केईएमला. ताई गेली इंटरव्ह्यूला. मी कॉलेजला जायचे तेही धावत, परतीच्या गाडीवर डोळा ठेवून. मास कॉमची सगळी वर्षं मी मुंबईत काढली, पण मुंबईत कधी रेंगाळले नाही. आईने आयुष्यात मुंबईतली तीन हॉस्पिटलं बघितलीयत, समुद्र एकदाच, तोही टॅक्सीतून. कामाशिवाय मुंबईला जाणं ही आमच्याकडे चैन आहे, वस्तू विकत घेण्यापेक्षाही मोठी. 

आईने डबा भरायला घेतला. मी म्हटलं, डबा नको. ती जे काही बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

वैतरणेच्या अलीकडे, पलीकडे

बुधवार सकाळ. तुम्ही सगळे ऑफिसला निघालेले आणि मी पालघरच्या प्लॅटफॉर्मवर हातात रिटर्न तिकीट घेऊन उभी. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून चर्चगेटला थेट जाता येतं. त्याआधी विरारला उतरून गाडी बदलायची आणि बदलताना जी काय कुस्ती व्हायची तिला तोड नव्हती. २०१४ च्या १ ऑगस्टला आमचा जिल्हाही ठाण्यापासून वेगळा झाला. म्हणजे कागदावर आम्ही आता मुख्यालयवाले. गर्दीच्या हिशोबात मात्र अजूनही 'विरारच्या पुढचे'.

लेडीज डब्यात नेहमीचं जग. मोगऱ्याच्या कळ्यांच्या पिशव्या, वाणगावच्या मिरच्या, मेथी निवडत बसलेली एक गँग आणि खिडकीशी डोळे मिटून बसलेली नर्स. केळवे रोड, सफाळे, मग वैतरणेचा पूल. वैतरणेच्या पुलावर सगळ्या बायका क्षणभर बाहेर बघतात, अगदी मेथीवाल्यासुद्धा. पाणी, तिवरं, एखादी होडी. पूल संपला की सगळे पुन्हा आपापल्या फोनमध्ये. विरार आलं की तर संपलंच. नालासोपारा स्टेशन कधी आलं नि कधी गेलं मला कळलंही नाही, कारण कोणाचं तरी कोपर माझ्या कानाशी होतं. हे नालासोपारा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणारे.

आणखी एक गंमत. आमची फास्ट लोकल माहीमला थांबत नाही. माहीमची मुलगी माहीमवरून भुर्रकन निघून जाते.

चर्चगेटला उतरून ओव्हलच्या मधल्या वाटेने चालत गेले. एका हाताला आर्ट डेकोच्या गोल बाल्कन्या, दुसऱ्या हाताला राजाबाई टॉवर, हायकोर्ट. या दोन रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. कॉलेजात असताना याच वाटेने मी किती वेळा धावलेय! त्या दिवशी पहिल्यांदा चालले. सोबत कोणी नसलं की आपला स्पीड आपणच ठरवतो, हा साधा शोध मला अठ्ठाविसाव्या वर्षी लागला.

राजाने सहली बंद केल्या

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आमच्या घरी अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम'. १९०५ मध्ये पायाभरणी, जॉर्ज विटेटचं डिझाइन, इमारत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभी राहिली. पण युद्धात तिचं झालं हॉस्पिटल, आणि म्युझियम म्हणून लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. नाव बदललं १९९८ ला. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा, आतले लाकडी खांब नि कठडे जुन्या वाड्याचे, आणि भिंतींचा दगड कुठला माहितीय? पिवळसर दगड मालाडचा, करडा दगड कुर्ल्याचा. म्हणजे ज्या इमारतीसमोर उभं राहून आपण 'काय रॉयल आहे ना' म्हणतो, ती आपल्या लोकलच्या स्टेशनांनीच बांधलीय.

एकटीने म्युझियम बघण्याचे फायदे सांगू? ग्रुपमध्ये असलं की 'चला, पुढे चला' म्हणणारा एक असतोच. तो इथे नसतो. मी एका मुघल लघुचित्रासमोर पंधरा मिनिटं उभी होते, फक्त चित्रातल्या एका मांजरीसाठी. जपानी हस्तिदंतातल्या इवल्याशा बाहुल्यांसमोर तेवढाच वेळ. शस्त्रांच्या दालनातून मात्र सुसाट निघाले, तलवारी बघून मला काहीही होत नाही, सॉरी. तोटा एकच, 'हे बघ, हे बघ!' म्हणायला बाजूला कोणी नसतं. मी दोनदा चुकून अनोळखी माणसाला म्हटलं. दुसऱ्याने खरंच बघितलं.

आणि मग तो दगड.

दिसायला काही नाही. काळपट, तुटका, वर ब्राह्मी अक्षरं कोरलेली. शेजारी पाटी, सोपारा. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा हो! इसवीसनाच्या आधीपासूनचं मोठं बंदर, शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं, त्या सुमाराला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा तुकडा हाती लागला. म्हणजे सकाळी ज्या स्टेशनात मी कोणाचं तरी कोपर चुकवत होते, तिथे कधीकाळी अशोकाने जाहीर नोटीस लावली होती.

नोटीस कसली, ते ऐका. या आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी फिरायला जायचे, शिकार करायचे, मजा करायचे. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेलो, आणि तेव्हापासून माझ्या यात्रा धर्मासाठी. साधुसंतांना भेटायचं, म्हाताऱ्यांना दान द्यायचं, खेड्यातल्या लोकांना जाऊन भेटायचं.

मी त्या काचेसमोर उभी राहून चक्क हसले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाने ऐशआरामाच्या सहली बंद केल्या, आणि त्याच गावावरून गाडीने येऊन मी आजच सुरू करतेय! वॉचमनकाकांनी संशयाने बघितलं. शाळेच्या ट्रिपची एक रांग आली, बाईंनी "हा दगड आहे, पुढे चला" म्हटलं आणि रांग पुढे गेली. त्यातली एक मुलगी वळून वळून बघत होती. मला वाटतं ती दगडाकडे नाही, हसणाऱ्या माझ्याकडे बघत होती.

समोरच सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. गेले, एक चक्कर मारली, पण डोकं अजून त्या दगडात अडकलेलं होतं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. खोटं कशाला?

काळा घोडा आणि पांढरी माणसं

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, तिकीट नाही, आत एसी. कडक उन्हात एवढं पुरेसं आहे. मधल्या कॅफे समोवारमध्ये आमच्या सरांची पिढी तासन्‌तास बसायची म्हणे. तो २०१५ ला बंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षी समोरचं ऱ्हिदम हाऊस. आम्ही नेमके नोकऱ्याबिकऱ्या शोधायच्या वयात आलो आणि अड्डे गायब! खुद्द काळ्या घोड्याचीही तीच गत झालेली. स्वारासकट पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत गेला, नंतर बरीच वर्षं नुसतं नाव उरलं. २०१७ मध्ये नवा घोडा आला, बिनस्वाराचा. मला हाच जास्त आवडतो.

पण मी जहांगीरला गेले त्याचं कारण वेगळं होतं. याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तेव्हा केमोल्ड नावाची गॅलरी होती. १९७५ मध्ये तिथे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. डहाणू तालुक्यातला, गंजाडच्या बाजूचा वारली माणूस. आमच्या वारली पाड्यांमध्ये लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठीने, शेणामातीच्या भिंतीवर. मध्ये पालघट देवी. भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात विणकर सेवा केंद्रातर्फे कागद घेऊन पाड्यांवर पोचले, आणि जिव्या सोमा लग्नाशिवायही, रोजच चित्रं काढू लागले. शेतं, मासेमारीची जाळी, मुंग्या, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाचणारी माणसं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. मी त्या जिन्याशी थोडा वेळ उभी राहिले. डहाणूहून इथे यायला त्यांना गाड्या किती बदलाव्या लागल्या असतील, असा एक अगदी पालघरी विचार मनात आला.

जेवण एका कॅफेत. "हाऊ मेनी, मॅम?" "वन." "जस्ट वन?" हा 'जस्ट' आहे ना, तो फार छळतो! मग खांबाआडचं टेबल मिळतं. मी म्हटलं, खिडकीचं द्या. दिलं. मागायचं असतं इतकंच. (डबा नाकारल्याचा पश्चात्ताप बिल आल्यावर झाला.)

आता शॉपिंग. काळ्या घोड्यामागच्या गल्ल्या म्हणजे एकेक दुकान दागिन्यासारखं. एका दुकानात शिरले, नाव नाही सांगत. आत चंदनाचा वास, मंद गाणं आणि मी एकटीच गिऱ्हाईक. विक्रेती माझ्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होती, मी जिथे हात लावेन तिथे ती घडी नीट करत होती. माझी सॅक तिला फारशी पसंत नसावी. आणि मग दिसला एक स्टोल. गेरूच्या रंगाचं सिल्क, त्यावर पांढरी माणसं गोल नाचतायत, मध्ये तारपावाला.

टॅग उलटला. १४,५०० रुपये.

"हे कोणी केलंय?" मी विचारलं.

"इट्स वारली, मॅम. ट्रायबल आर्ट."

"हो, पण काढलंय कोणी?"

"अवर इन-हाऊस टीम."

"आणि वारली कुठले?"

ती दोन सेकंद थांबली. "राजस्थान, आय थिंक?"

काय बोलू? तिची काही चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नसणार. मी म्हटलं, "डहाणू. चर्चगेटहून लोकल जाते." ती गोड हसली, ज्याचा अर्थ 'तुम्ही काही घेणार नाही, मला कळलंय' असा होतो. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, हे सांगावंसं वाटत होतं. पण स्टोल घडी करून शेल्फमध्ये गेलासुद्धा. मी फणकाऱ्याने बाहेर पडले.

आणि आता माझं स्वतःचं ऐका.

फणकारा पुढच्या गल्लीपर्यंत टिकला. तिथे एका डिझायनरच्या दुकानात चपला दिसल्या. कोल्हापुरी, पण कशा! सोनेरी-तपकिरी चामडं, पातळ तळवा, वेणी इतकी बारीक की केसांची वाटावी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा मीसुद्धा तावातावाने पोस्ट टाकली होती. नाव घेतलं नाही, श्रेय दिलं नाही वगैरे वगैरे. नंतर त्यांनी प्रेरणा कोल्हापुरीची होती हे मान्य केलं. तर त्याच मी या चपला पायात घातल्या, आरशात बघितल्या आणि किंमत विचारली. ६,८०० रुपये. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता कार्ड पुढे केलं. हात थोडा थरथरला, पण मशीनने तो बघितला नसावा.

पिशवी घेऊन हॉर्निमन सर्कलला आले. इथे २०११ पासून एर्मेस आहे, २०१२ मध्ये भारतातलं पहिलं स्टारबक्स इथेच उघडलं, २०२३ मध्ये सब्यसाची एका जुन्या बँकेच्या इमारतीत आला. सब्यसाचीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आत जायला कोणी अडवलं नाही, मीच अडवलं. समोर एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्यायले. सोपाऱ्याच्या त्याच उत्खननात स्तूपातून निघालेले करंडक एशियाटिकच्या संग्रहात आहेत. दगड तिकडे, करंडक इकडे, आणि नालासोपाऱ्याला काय राहिलं? गर्दी!

पुढील स्थानक : शितलादेवी मंदिर

हुतात्मा चौकातून मेट्रो घेतली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ही भुयारी लाइन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. स्वच्छ, थंडगार, बसायला जागा. विरार लाइनवरच्या बाईला हे सगळं परदेशच वाटतं. दादर गेलं आणि घोषणा झाली, पुढील स्थानक शितलादेवी मंदिर.

मी दचकलेच. आमच्या केळव्याची शितलादेवी! समुद्रालगतचं देऊळ, रविवारी शहाळीवाल्यांची रांग. मग लक्षात आलं, ही तुमच्या माहीमची. माहीम दोन, शितलादेवीही दोन. आमच्याकडची गोष्ट खरी असेल तर माणसं तिकडून इकडे येताना गावाचं नाव बरोबर घेऊन आली. देवीचीही तीच कथा असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. दारं उघडली, मिटली. माहीमला ज्या गाडीत मी कधी थांबत नाही ती गाडी आज थांबली होती, आणि मी उतरले नाही. बीकेसी गाठायचं होतं.

जिओ वर्ल्ड प्लाझा. १ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाला. साडेसात लाख चौरस फूट आणि जगातले ते सगळे ब्रँड, ज्यांचे उच्चार आपण आधी मनात करून बघतो. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. मुंबईत इतकी शांतता फक्त आयसीयूबाहेर ऐकलीय मी. फरशी अशी चकाचक, की माझी सॅक त्यात आधी दिसते, मग मी.

तासभर नुसती फिरले. मग ठरवलं, हॉर्निमन सर्कलसारखं नाही करायचं. एका बॅगांच्या दुकानाचं दार (काचेचंच) ढकललं. ढकलावं लागलं नाही, आतून कोणीतरी उघडलं.

विक्रेती माझ्याच वयाची. काळा सूट, घट्ट अंबाडा, पांढरे ग्लव्ह्ज. "वुड यू लाइक सम वॉटर, मॅम?" मी एका छोट्या बॅगेकडे बोट दाखवलं. तिने ती ट्रेवर ठेवली, देवाच्या मूर्तीसारखी. किंमत? तीन लाख चाळीस हजार. मी मान डोलावली, जणू तीन लाख तीस असती तर विचार केला असता. डोक्यात मात्र हिशोब सुरू, पानाच्या करंड्या किती होतील? करंड्यांमध्ये हिशोब करू नये. वाडीच विकावी लागते.

फोन वाजला. आई. "हो गं, जेवले. नाही, उशीर नाही होणार. विरारला बदलेन." फोन ठेवला तर समोरची बाई वेगळ्याच चेहऱ्याने बघत होती.

"विरारला बदलणार? पुढे कुठे?" शुद्ध मराठीत.

"पालघर. माहीम."

"मी नालासोपाऱ्याची." मग आवाज आणखी खाली. "आत्ता निघालात तर बरं. सहानंतर वांद्र्याहून विरार फास्ट विसरा. अंधेरीपर्यंत स्लो घ्या, तिथून सुटणारी विरार पकडा. उभ्याने का होईना, आत तरी जाल."

"तुम्ही कधी सुटता?"

"साडेनऊ. घरी पोचेपर्यंत साडेअकरा." ग्लव्ह्जमधली बोटं बॅगेचा पट्टा सरळ करत होती. "पहिल्या महिन्यात स्वप्नात पण बॅगाच यायच्या. आता ट्रेन येते."

मला तिला तो दगड सांगायचा होता. तुमच्या गावात अशोकाचा लेख सापडला, म्युझियममध्ये आहे, बघितलाय का? सांगितलंसुद्धा, गडबडीत, अर्धवट. ती म्हणाली, "खरंच? शाळेत स्तूपावर ट्रिप गेली होती. सुट्टी मंगळवारी असते माझी." तेवढ्यात एक जोडपं आत आलं आणि तिचा चेहरा पुन्हा काळ्या सुटात गेला. "थँक यू फॉर व्हिजिटिंग, मॅम." दार पुन्हा आतून उघडलं.

बाहेर बीकेसीत खणलेल्या प्रचंड खड्ड्याभोवती पत्रे लावलेत. बुलेट ट्रेनचं स्टेशन. याच लाइनवर आमच्याकडे बोईसरला स्टेशन होणार आहे. म्हणजे या मॉलपासून आमच्या एमआयडीसीपर्यंत थेट. ती आल्यावर तिचं तिकीट कोण काढेल, विक्रेती की गिऱ्हाईक, हा प्रश्न मी त्या पत्र्यासमोर उभी राहून स्वतःलाच विचारला आणि रिक्षाला हात केला.

सल्ला शंभर टक्के खरा निघाला. अंधेरीहून उभ्याने, पण आत. मीरा रोडनंतर अर्धी सीट मिळाली. मांडीवर चपलांचा बॉक्स उघडून बघितला. आत टिश्यू पेपर, धन्यवादाचं कार्ड, चामड्याची काळजी कशी घ्यावी याची पुस्तिका, सगळीकडे डिझायनरचं नाव. ज्याने ही वेणी घातली त्याचं नाव शोधलं. बॉक्सच्या बुडाशी, पुस्तिकेच्या मागे. नव्हतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांच्या नावावर कोल्हापुरीचा भौगोलिक निर्देशांक नोंदला गेला, म्हणजे माणूस या आठांतल्या कुठल्या तरी जिल्ह्यातला असेल, किंवा नसेलही. स्टोलवालीला मी काय काय ऐकवणार होते! झाकण लावून टाकलं. नालासोपारा आलं. यावेळी खिडकीतून नीट बघितलं. पूल, पाट्या, माणसं, माणसं, माणसं.

विरारला डहाणू लोकलसाठी पाऊण तास. पालघरला उतरले तेव्हा शेअर रिक्षा संपलेल्या. "माहीम? स्पेशल होईल ताई. अडीचशे." दिवसभरात घासाघीस केली नव्हती ती इथे केली. दोनशे वीस.

आई जागीच होती. ताट वाढता वाढता तिने सगळं विचारलं. म्युझियमचं तिकीट काढावं लागतं का, आत बसायला बाकं आहेत का, बायका एकट्या येतात का. मी दगडाचं सांगितलं. राजाने मौजेच्या सहली बंद केल्या आणि देवधर्माला, म्हाताऱ्यांना भेटायला लागला, इथपर्यंत आले.

"शहाणा होता," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण आधी भरपूर फिरून घेतलं असेल त्याने."

मग तिने बॉक्स उघडला. चपला हातात घेतल्या, उलट्या केल्या, तळव्यावर अंगठा दाबला, वेणीवरून बोट फिरवलं.

"केवढ्याला?"

"आठशे," मी म्हटलं. जेवढा कमी आकडा तोंडातून निघू शकत होता तेवढा.

"आठशे?" आईने चपला खाली ठेवल्या. "फसवलं तुला. पालघरला साडेतीनशेला मिळतात."